‘पाम बदलू का?’ : एका जुन्या यंत्रापुढे टॅमची प्रश्नावली

टॅम, म्हणजे टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल, हे आपल्याकडच्या सिनॉप्सिसमधलं बहुतेक सगळ्यात लाडकं मॉडेल असावं. मॅनेजमेंट असो, कॉमर्स असो, लायब्ररी सायन्स असो. शीर्षकात ‘ॲडॉप्शन’ किंवा ‘ॲक्सेप्टन्स’ आलं की दुसऱ्या चॅप्टरमध्ये टॅमची ती चौकोन-बाणांची आकृती येणारच. यूपीआय, मोबाइल बँकिंग, ई-बुक, ऑनलाइन क्लास, काहीही घ्या, चौकोन तेच. म्हणूनच टॅम कुठे कमी पडतं हे एखाद्या ठोस उदाहरणावर तपासून बघायला हवं. मॉडेलवर नुसते दोन टीकाकार कोट करून ‘लिमिटेशन्स’ लिहिण्यात फारसा अर्थ नसतो.

मी जे उदाहरण घेतोय ते दिसायला अगदी किरकोळ आहे. हातात चार वर्षं जुना पाम ऑर्गनायझर आहे. बाजारात नवा आलाय. घ्यावा का?

जुनंच उदाहरण का, तर त्याचा निकाल लागलेला आहे. पाम कंपनी संपली, यंत्रं संपली, जाहिराती संपल्या. यूपीआयवर लिहिताना आपण प्रवाहाच्या मधोमध उभे असतो आणि सगळे जण एकाच दिशेने चाललेत असं वाटत राहतं. पामच्या बाबतीत काठावर बसून बघता येतं की कोण पुढे गेलं, कोण थांबलं आणि कोण वेगळ्याच वाटेने निघून गेलं.

ज्यांनी पाम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९६ साली अमेरिकेत ‘पायलट’ नावाने हे यंत्र आलं. शर्टाच्या खिशात मावणारं, १६० बाय १६० ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा, दोन ट्रिपल-ए सेल, आणि स्वस्त मॉडेलमध्ये मेमरी फक्त १२८ केबी. किंमत २९९ डॉलर. आत चार मुख्य गोष्टी होत्या: तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं. जेफ हॉकिन्स या त्याच्या कर्त्याने यंत्र बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरून पाहिलं होतं, ही गोष्ट डिझाइनच्या वर्गात आजही सांगतात. १९९३ साली आलेल्या ॲपलच्या न्यूटनला मोडी-वळणी हस्ताक्षर ओळखायचं होतं आणि तिथेच तो अडखळला. पामने उलटं केलं. यंत्राने माणसाचं अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राचं अक्षर शिकायचं. त्या लिपीचं नाव ग्राफिटी.

आता आपला उत्तरदाता ठरवू. हा माझ्या कल्पनेतला माणूस आहे, पण त्याच्या हातातली यंत्रं खरी आहेत. १९९९ साली त्याने पाम व्ही घेतला: धातूचं पातळ अंग, २ एमबी मेमरी, किंमत ४४९ डॉलर. साल आहे २००३ चा शेवट. समोर टंगस्टन ई आहे: रंगीत पडदा, दोन्ही बाजूंनी दुप्पट ठिपके, ३२ एमबी, एसडी कार्डाची खाच, गाणी वाजवतो, आणि किंमत फक्त १९९ डॉलर. कागदावर हा प्रश्नच नाही. निम्म्याहून कमी पैशांत सोळापट मेमरी मिळते आहे.

मग तो अडतो कशावर?

आधी टॅमकडे नीट बघू, कारण टीका करायची तर मूळ पेपर वाचून करावी. (मूळ पेपर न वाचता टॅम वापरणारे किती असतील यावर एक वेगळी पीएचडी होईल.) फ्रेड डेव्हिस यांचा हा पेपर १९८९ साली ‘एमआयएस क्वार्टरली’मध्ये आला. त्यात प्रश्न असा आहे की लोक एखादी संगणक प्रणाली का वापरतात किंवा का वापरत नाहीत. डेव्हिस यांचं उत्तर दोन गोष्टींत आहे: ही माझ्या कामाला उपयोगी पडेल असं मला वाटतं का, आणि ही वापरायला सोपी आहे असं मला वाटतं का. प्रत्येकासाठी सहा-सहा विधानं. पहिला अभ्यास आयबीएमच्या टोरंटोतल्या प्रयोगशाळेत ११२ जणांवर झाला. ईमेल आणि फाइल-एडिटर या तिथल्या प्रणालींवर. दुसऱ्यात बोस्टन विद्यापीठातले संध्याकाळच्या वर्गाचे ४० एमबीए विद्यार्थी होते. त्यांना आलेखाचे दोन प्रोग्रॅम थोडा वेळ हाताळायला दिले आणि पुढे वापराल का असं विचारलं.

पेपर चांगला आहे, हे मनापासून सांगतो. विधानं कशी गाळत आणली, विश्वासार्हता कशी तपासली, हे शिकण्यासाठी तो आजही वाचावा. ‘सोपेपणापेक्षा उपयोगितेचा वापराशी संबंध जास्त घट्ट’ हा निष्कर्ष त्या काळात महत्त्वाचा होता. सोपं करा की लोक वापरतील, या समजाला त्याने धक्का दिला.

पण त्या बारा विधानांवर पुन्हा नजर टाका. प्रत्येक विधान एकाच प्रणालीबद्दल आहे. ‘ही प्रणाली’ शिकायला सोपी, ‘ही प्रणाली’ काम लवकर करून देते. हातात आधी काय होतं, त्याबद्दल एकही विधान नाही. बोस्टनच्या विद्यार्थ्यांना आलेखाचा प्रोग्रॅम दिला तेव्हा त्यांना काही सोडावं लागलं नव्हतं. आपल्या पामवाल्याला काहीतरी सोडायचंय, आणि त्याचा अख्खा प्रश्न त्या सोडण्यात आहे.

ग्राफिटीचंच घ्या. या लिपीत प्रत्येक अक्षर एका फटक्यात लिहायचं असे. लेखणी मध्ये उचलायची नाही. इंग्रजी ए म्हणजे मधल्या आडव्या रेघेशिवायचा, नुसता उलटा व्ही. टी म्हणजे एक आडवी रेघ आणि तिथूनच खाली. १९९७ साली मॅकेन्झी आणि झांग यांनी प्रयोग केला: लिपीचा तक्ता एक मिनिट बघितल्यावर नवख्या लोकांची अचूकता ८६ टक्के आली, पाच मिनिटं सराव केल्यावर ९७ टक्के, आणि आठवडाभर हात न लावताही ती ९७ टक्केच राहिली. एवढ्या चटकन शिकता येणारी आणि एवढी पक्की बसणारी गोष्ट क्वचितच सापडते. डेव्हिसच्या फूटपट्टीवर ‘सोपेपणा’ला पैकीच्या पैकी.

२००३ मध्ये पामने ही लिपी बदलली. कारण तांत्रिक नव्हतं. एका फटक्यात अक्षर लिहिण्याची कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या डेव्हिड गोल्डबर्ग यांनी आधीच मांडली होती. तिचं नाव युनिस्ट्रोक्स. झेरॉक्सने १९९७ मध्येच पेटंटचा दावा ठोकला होता. कोर्टात पारडं फिरल्यावर पामने दुसऱ्या कंपनीच्या ‘जॉट’ या पद्धतीवरून ग्राफिटी २ आणली. यात आय, टी, के ही अक्षरं आपण कागदावर लिहितो तशी दोन फटक्यांत लिहायची. पुढची गंमत अशी की २००४ मध्ये कोर्टाने ते पेटंटच अवैध ठरवलं, आणि २००६ मध्ये पामने २.२५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लिपी मात्र परत आली नाही.

आता प्रश्नावली भरू. ‘टंगस्टन ई वर लिहायला शिकणं मला सोपं जाईल.’ पहिल्यांदाच पाम घेणारा म्हणेल: हो, अगदी, अक्षरं नेहमीसारखीच तर आहेत. सातपैकी सहा. आपला चार वर्षांचा पामवाला म्हणेल: टी लिहायला गेलो की हात आपोआप जुना फटका मारतो. सातपैकी दोन. तुम्ही काय करणार? दोघांना एकाच नमुन्यात घालून सरासरी काढणार: चार. सरासरी चार म्हणजे ‘सोपेपणाबद्दल उत्तरदाते तटस्थ’. प्रत्यक्षात दोघांपैकी कुणीही तटस्थ नाही.

माझ्या टीकेचं मुख्य टोक इथे आहे. सोपेपणा हा यंत्राचा गुण नाही, आणि एकट्या माणसाच्या मनातली समजूतही नाही. कुठून कुठे जायचंय, त्या वाटेचा तो गुण आहे. पाम व्ही ते टंगस्टन ई ही एक वाट, आणि कागदी डायरी ते टंगस्टन ई ही दुसरी. पोहोचायचं ठिकाण एकच असलं तरी चढ वेगळे. टॅमची प्रश्नावली फक्त पोहोचायच्या ठिकाणाबद्दल विचारते.

इथे कुणी म्हणेल, मग ‘पूर्वानुभव’ हा कंट्रोल व्हेरिएबल घाला, झालं. घालतात तसा. पण तो बहुधा ‘किती वर्षं वापरताय?’ एवढाच असतो. वर्षं मोजून हे हाती लागत नाही. चार वर्षं पाम वापरूनही पडद्यावरच्या कीबोर्डवर टिचक्या मारत टाइप करणाऱ्याला ग्राफिटी २ ने काहीच फरक पडत नाही, आणि सहा महिन्यांत ग्राफिटी हातात भिनलेल्याला खूप पडतो. अनुभवात नेमकं काय साठलंय ते विचारावं लागतं. काही जुन्या वापरकर्त्यांनी तर आधीच्या यंत्रातल्या ग्राफिटीच्या फायली काढून नव्या यंत्रात बसवल्या. हे लोक तुमच्या डेटात ‘ॲडॉप्टर’ म्हणून मोजले जातील. त्यांनी यंत्र स्वीकारलं आणि त्यातला मुख्य बदल नाकारला. लायकर्ट स्केलमध्ये याला रकाना कुठला?

दुसरा मुद्दा थांबण्याचा. टॅममध्ये शेवटी एक चौकोन असतो: वापरण्याचा इरादा. नंतरचे बहुतेक अभ्यास तिथेच थांबतात, कारण प्रत्यक्ष वापर मोजणं महागात पडतं. २००१ मध्ये पामने एम५०० आणि एम५०५ ही मॉडेल्स मार्चमध्ये जाहीर केली. दुकानात यायला वेळ होता. लोकांना ती आवडली. इतकी आवडली की त्यांनी दुकानात असलेला पाम व्ही घेणं बंद केलं आणि नव्याची वाट बघत बसले. कंपनीकडे जुन्या मालाचा ढीग साचला आणि कोट्यवधी डॉलरचा साठा तोट्यात लिहून टाकावा लागला. त्या आठवड्यांत कुणी सर्व्हे घेतला असता तर उपयोगिता उत्तम, इरादा उत्तम, आर-स्क्वेअर झकास आला असता. आणि विक्री कोसळत होती. मला वाटतं, ‘इरादा आणि कृती यांत अंतर असतं’ हे वाक्य आपण जे सवयीने लिहून मोकळे होतो, त्याचं इतकं उघडंवाघडं उदाहरण दुसरं मिळणार नाही. थांबणं ही इथे कृतीच होती, आणि तिच्यात एका कंपनीला जवळपास आडवं करण्याइतकी ताकद होती.

थांबणारे सगळे चुकले असंही नाही. एम५०५ चा रंगीत पडदा अंधुक निघाला, त्याबद्दल तेव्हा बरीच ओरड झाली. पुढच्या वर्षी एम५१५ आला, उजळ पडद्याचा आणि दुप्पट मेमरीचा. म्हणजे आणखी थोडं थांबलेल्याचं भलं झालं. रॉजर्स यांच्या ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’मध्ये उशिरा घेणाऱ्याला ‘लॅगार्ड’ म्हटलंय. त्यांनी स्वतः पुढच्या आवृत्त्यांमध्ये कबूल केलं की या संशोधनाला नव्याच्या बाजूने झुकण्याची खोड आहे. पण तो शब्द आपल्या टेबलांमध्ये बसला तो बसलाच. मराठीत त्याला ‘मागे पडलेला’ असं भाषांतरित करून आपण आणखी वाट लावतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लिहिली गेलेली गोष्ट. ती यंत्रात नाही, यंत्राभोवती आहे.

पाम एका छोट्या स्टँडवर ठेवायचा, त्याला क्रेडल म्हणत. त्यावर एक बटण असे. ते दाबलं की हॉटसिंक: पाममधलं सगळं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरचं पाममध्ये. हे नुसतं सोयीसाठी नव्हतं. त्या काळच्या पामची मेमरी वीज असेपर्यंतच टिके. सेल बदलताना मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लावला तर सगळं पुसलं जाई. त्यामुळे खरी प्रत कॉम्प्युटरवर राहायची आणि हातातलं यंत्र म्हणजे तिची खिशातली नक्कल. यातून एक विचित्र गोष्ट घडते. यंत्र बदलणं फार सोपं होतं, कारण नवा पाम क्रेडलवर ठेवून बटण दाबलं की पत्ते-तारखा त्यात उतरणार. आणि त्याच कारणाने यंत्र बदलण्याची निकड कमी होते. जुना बिघडला तर तसाच जुना दुसरा घेतला तरी पाच मिनिटांत सगळं पूर्ववत.

याच्या शेजारी आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातली कॅसिओची डिजिटल डायरी ठेवून बघा. व्यापारी, डॉक्टर, एजंट यांच्या खिशात ती असायची. बहुतेकांच्या वापरात तिची कॉम्प्युटरला जोडणी नव्हतीच. मुख्य सेल आणि बॅकअप सेल एकदम काढले की नंबर गेले. तिचं ‘अपग्रेड’ म्हणजे तीनशे फोन नंबर बारक्या बटणांवर पुन्हा टाइप करणं. अशा माणसाला ‘नवी डायरी उपयोगी वाटते का?’ असं विचारून काय हाती लागणार? त्याच्या निर्णयात नव्या डायरीचा वाटा पावशेर आणि त्या तीनशे नंबरांचा वाटा मणभर. दोन्ही यंत्रं ‘हँडहेल्ड ऑर्गनायझर’ या एकाच वर्गात घालून कुणी अभ्यास केला तर वर्ग बरोबर आणि अभ्यास चूक, अशी अवस्था होईल.

पण पामवाल्याचंही सगळं बटणावर उतरत नव्हतं, आणि काय उतरत नव्हतं त्याची यादी केली की त्याचा निर्णय समजायला लागतो. पाम व्हीचं क्रेडल सीरियल पोर्टचं. टंगस्टन ई यूएसबी केबलचा. क्रेडल गेलं. पाम व्हीच्या खालच्या बाजूला बसणारा घडीचा कीबोर्ड, तो नव्याला बसत नाही. कीबोर्ड गेला. पामने एम५०० च्या वेळी ‘युनिव्हर्सल कनेक्टर’ काढला होता, नाव युनिव्हर्सल. टंगस्टन ई मध्ये तोही नव्हता. जुन्या यंत्रात पाम ओएसचं वागणं बदलणारी ‘हॅक’ नावाची छोटी भर लोकांनी घातलेली असे. पाम ओएस ५ मध्ये प्रोसेसरच बदलला, आतमध्ये जुन्या प्रोसेसरची नक्कल चालवून बहुतेक प्रोग्रॅम सांभाळले गेले, पण ही हॅक गेली. तारखा आणि पत्ते ठेवायची आतली रचना बदलली, त्यामुळे तिच्यावर बेतलेल्या प्रोग्रॅमना नव्या आवृत्त्यांची वाट बघावी लागली. आणि पाम व्ही मोनोक्रोम पडद्यामुळे एका चार्जवर आठवड्यांच्या हिशेबात चाले, तर रंगीत टंगस्टन दिवसांच्या हिशेबात. म्हणजे प्रवासात चार्जर न्यायचा की नाही, ही सवयही बदलायची.

१९९ डॉलर हा आकडा आता कसा दिसतो? अर्थशास्त्रात याला ‘स्विचिंग कॉस्ट’ म्हणतात आणि त्यावर चांगलं काम झालेलं आहे. टॅमवाले ते क्वचित वाचतात, कारण ते दुसऱ्या विभागाच्या कपाटात असतं.

दुसऱ्या बाजूलाही काहीतरी झिजत असतं हे मात्र विसरू नका. मी जुन्याची आरती ओवाळत नाहीये. पाम व्हीची बॅटरी आत बंद केलेली, ग्राहकाने बदलायची नाही. चार वर्षांत तिचा दम उतरतो. पाम थ्रीला कोपऱ्यावरच्या दुकानातले ट्रिपल-ए सेल चालत, तो या बाबतीत अजून दहा वर्षं काढू शकला असता. नव्या कॉम्प्युटरवरून सीरियल पोर्ट गायब होत चालले होते. पुढे ६४-बिट विंडोज आली तेव्हा यूएसबीवरून हॉटसिंक करायची अधिकृत सोय पामने दिलीच नाही. तेव्हा ‘नको, आहे तोच बरा’ असं म्हणणारा जागच्या जागी उभा नसतो. त्याच्या पायाखालची जमीन सरकत असते. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांच्या १९८८ च्या पेपरमधला ‘स्टेटस क्वो बायस’ इथे लावायचा मोह होतो. तो पेपर उत्तम आहे, पण ‘बायस’ हा शब्द वापरण्याआधी हिशेब करायला हवा. माझ्या वरच्या यादीतली प्रत्येक ओळ हिशेबात धरल्यावरही जर माणूस विनाकारण जुन्याला चिकटत असेल, तर तो बायस. यादीच केली नसेल, तर बायस आपला.

टॅमच्या बाजूने प्रामाणिकपणे एक सांगायला हवं: पुढच्या लोकांना हे दिसलंच नाही असं नाही. भट्टाचर्जी यांनी २००१ मध्ये ‘सुरुवातीला स्वीकारणं’ आणि ‘पुढे वापरत राहणं’ हे वेगळे प्रश्न आहेत असं मांडलं. व्हेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या यूटॉट-२ मध्ये सवय आणि किमतीचं मोल हे चल घातले. बागोझी यांनी २००७ मध्ये टॅमवर झणझणीत टीका लिहिली. मॉडेलचा साधेपणा हीच त्याची दुखरी नस आहे, असा तिचा रोख. तरी आपला पामवाला अजून बाहेरच उभा आहे. ‘वापरत राहणं’ विचाराल तर तो म्हणेल, हो, राहतोय की. पाम वापरतोच आहे, पाम व्ही किंवा टंगस्टन. ‘सवय’ विचाराल तर ती यूटॉट-२ मध्ये ज्या तंत्रज्ञानाबद्दल विचारताय त्याचीच सवय असते आणि ती वापर वाढवते. पामवाल्याची सवय जुन्याची आहे आणि ती नव्याला अडवते. चल तोच, चिन्ह उलटं. तुमच्या स्मार्ट-पीएलएसमध्ये तो निगेटिव्ह आला तर घाबरून ते विधान गाळू नका. कदाचित डेटातली तीच एक खरी बातमी असेल.

मग सिनॉप्सिसमध्ये करायचं काय? टॅम टाकून द्या असं मी म्हणत नाही. गाईडना आणि आरआरसीला ते हवं असतं, आणि जिथे माणसाच्या हातात आधी खरोखर काहीच नव्हतं तिथे ते बरं चालतं. पण अशी जागा आज किती उरलीय? आज तुम्ही ज्याला ‘ॲडॉप्शन’ म्हणता ते जवळजवळ नेहमी ‘बदल’ असतं. टॅलीच्या जुन्या आवृत्तीवरून नव्यावर, एका अटेंडन्स ॲपवरून दुसऱ्यावर, कागदी खतावणीवरून पोर्टलवर. तेव्हा अभ्यासाचं एकक ‘नवी प्रणाली’ असं न ठेवता ‘यावरून त्यावर’ अशी जोडी ठेवा. मुलाखतीत पहिला प्रश्न नव्याबद्दल नको. ‘जुन्यात काय काय साठलंय ते दाखवा’ असा असू दे. लोक दाखवतात. पाममध्ये जास्तीत जास्त १५ वर्गवाऱ्या करता येत. एखाद्याने त्या १५ कशा आखल्यात हे बघितलं की त्याच्या कामाचा नकाशा कळतो आणि तो मोडायला तो का तयार नाही तेही.

आणि नमुना. हे सगळ्यात अवघड आहे. ज्यांनी बदललं ते सहज सापडतात, कंपनीच्या यादीत असतात, गूगल फॉर्म भरतात. ज्यांनी बदललं नाही ते कुठल्याच यादीत नसतात. डेव्हिड एजर्टन यांचं २००६ चं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ हे पुस्तक याचसाठी वाचा. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहिला तर किती वेगळा दिसतो, हे त्यात आहे. शैली वादग्रस्त, पण डोळे उघडतात. पामबद्दलच काही करायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हने २०२२ मध्ये पामच्या शेकडो प्रोग्रॅमचा संग्रह खुला केलाय, ब्राउझरमध्ये चालवून बघता येतो. ग्राफिटीत माऊसने टी लिहून बघा. हातात काय बसलेलं असायचं त्याची कल्पना येईल.

पामवाल्यांचा शेवटचा निर्णय तर कुठल्याच अपग्रेडच्या प्रश्नावलीत बसला नसता. २००९ मध्ये कंपनीने पाम प्री हा फोन आणला, नव्या वेबओएसवर. जुने पाम प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नव्हते. दुसऱ्या एका कंपनीचं नक्कल करणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे. म्हणजे जुन्या पामवरून नव्या पामवर जायला जेवढं सोडावं लागत होतं, जवळपास तेवढंच आयफोनवर जायलाही. वाट सारखीच खडतर असेल तर माणूस ठिकाण स्वतःच्या मर्जीने निवडतो. २०१० मध्ये एचपीने पाम १२० कोटी डॉलरला घेतली आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रं बंद केली. पाम व्हीवरून थेट दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गेलेल्या माणसाला पाम-अपग्रेडच्या सर्व्हेत ‘नॉन-ॲडॉप्टर’ म्हणून नोंदवलं गेलं असतं, आणि त्याच वर्षीच्या स्मार्टफोनच्या सर्व्हेत ‘अर्ली ॲडॉप्टर’ म्हणून.